पत्राची पत

“डेटा आमचा, सर्व्हर आमचा, रिपोर्ट आमचा. सर, तुम्ही फक्त मजकूर द्या.”

फोनवरचा तरुण इतक्या आत्मविश्वासानं बोलत होता की नाही म्हणायला जीभ वळेना. एका छोट्या दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची यादी मी तेव्हा सांभाळत होतो. यादीत नावं हजारभर, तीही जुन्या वहीतून एक्सेलमध्ये उतरवलेली. आणि हा गडी दहा लाख मराठी वाचकांच्या इनबॉक्सपर्यंत न्यायचं म्हणत होता, अंकातल्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीला पडतात तेवढ्या पैशांत. आम्ही पैसे भरले. तीन दिवसांनी रंगीत आलेखांचा अहवाल आला: ९८ टक्के मेल ‘डिलिव्हर्ड’. वर्गण्या आल्या चार, आणि त्यांतले दोघे आमच्या लेखकांचे नातेवाईक निघाले. पुढच्या महिन्यात जुन्या वर्गणीदारांचे फोन सुरू झाले: “यंदा तुमचा मेल कसा आला नाही?” मेल गेला होता, पण स्पॅमच्या अडगळीत पडला होता. अनोळखी दहा लाखांना हाका मारता मारता ओळखीच्या हजारांपर्यंतचा आमचा आवाज बसला होता.

तेव्हापासून या धंद्याकडे मी जरा बारकाईनं पाहू लागलो. घाऊक मेल आणि घाऊक एसएमएस पाठवून देणाऱ्या सेवा आज बँका वापरतात, तसे कोचिंग क्लासही वापरतात. देवस्थानं वापरतात, तशी साड्यांची दुकानंही. त्यांचा दर्जा कसा ओळखायचा आणि त्यांचा प्रामाणिकपणा कसा जोखायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं सुरुवातीला वाटलं. पाहणी करत गेलो तसं लक्षात आलं की या धंद्यापुरता तरी प्रश्न एकच आहे. इथे विकला जाणारा खरा माल म्हणजे पाठवणाऱ्याची पत. ती ज्याला जपता येते तोच मेल पोचवू शकतो, आणि जपायची तर बऱ्याच गिऱ्हाइकांना ‘नाही’ म्हणावं लागतं.

पाकिटामागचं नाव

ईमेल ज्या नियमांवर चालतं ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. तेव्हाचं जाळं म्हणजे विद्यापीठं, प्रयोगशाळा, सरकारी खाती. एकमेकांना ओळखणाऱ्यांची आळीच ती. त्यामुळे पाकिटामागं ‘प्रेषक’ म्हणून जे नाव लिहिलंय ते खरंच मानायचं, अशी भाबडी सोय त्यात राहून गेली. खरं तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक पाहायचं आमंत्रण न विचारता धाडलं होतं. पुढे एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्यानं ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या हजारो चर्चागटांवर ओतली. लोक खवळले. दांपत्यानं माफी मागायच्या ऐवजी इंटरनेटवर जाहिरात करून श्रीमंत कसं व्हावं यावर पुस्तकच काढलं.

टपालात तिकीट लावावं लागतं, म्हणून पत्र टाकणारा हात आखडता घेतो. ईमेलला तिकीट नाही. पाठवणाऱ्याचा खर्च नगण्य, वाचणाऱ्याचा वेळ मात्र खराखुरा. मग तिकिटाचं काम करणारी दुसरी काहीतरी गोष्ट लागणारच होती, आणि ती पुढे आली पत या रूपानं. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी सर्व्हरांची काळी यादी चालवायला घेतली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू केलं. त्यांच्या यादीत नाव गेलं की जगभरचे मेल सर्व्हर दार लावून घेतात.

या याद्यांवर कोर्टकज्जेही झाले. ई-३६० या अमेरिकी मेलिंग कंपनीनं स्पॅमहाउसवर शिकागोत दावा लावला. स्पॅमहाउसनं बचावच लढवला नाही, तेव्हा २००६ मध्ये सुमारे १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई एकतर्फी मंजूर झाली. पुढे नुकसानीचा पुरावा मागितला गेला तशी रक्कम २७ हजारांवर घसरली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयानं ती ३ डॉलर ठरवली. तरी ही कहाणी ऐकून काळ्या याद्यांना देवत्व बहाल करू नये. त्या खासगी आहेत, त्यांचा निवाडा चुकू शकतो, आणि एकाच सर्व्हरवरून पाचशे गिऱ्हाइकांचे मेल जात असतील तर एका लबाडाच्या पापाची शिक्षा बाकीच्यांना होते. चाळीत एकानं मोरी तुंबवली की सगळ्या मजल्यांनी नाक धरायचं, तसं.

पण घाण किती थोड्या जागी साठलेली असते तेही या काळातच दिसलं. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या होस्टिंग कंपनीची जोडणी तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तोडली आणि जगभरातला स्पॅम एका झटक्यात निम्म्याहून अधिक घटला. थोडा काळच, पण घटला.

पाकिटामागचं नाव तपासायची सोय त्यानंतरच्या वर्षांत रुळली. एसपीएफ म्हणजे दारावर लावलेली यादी: आमच्या नावानं पत्र टाकायचा अधिकार अमुक सर्व्हरांनाच. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर. वाटेत मजकुराला हात लावला तर ती तुटते. आणि डीमार्क म्हणजे पोस्टमनला दिलेली सूचना: यादीही जुळत नाही आणि मोहरही, तर पत्राचं काय करायचं. या तिन्हींमुळे पाठवणारा प्रामाणिक आहे असं सिद्ध होत नाही. तो जे नाव सांगतो ते त्याचंच आहे एवढं कळतं. पण नाव पक्कं झालं की त्या नावावर हिशेब मांडता येतो, आणि पत म्हणजे हिशेबच.

‘पोचलं’ म्हणजे कुठे?

आता आमच्या अहवालातल्या ९८ टक्क्यांकडे येऊ. तो आकडा बहुधा खोटा नव्हता. समोरच्या सर्व्हरनं ‘घेतलं’ असं उत्तर दिलं की पाठवणारी यंत्रणा मेल डिलिव्हर्ड म्हणून नोंदवते. पुढे ते इनबॉक्समध्ये ठेवलं, स्पॅममध्ये टाकलं की मुकाट्यानं फेकून दिलं, हे समोरचा सहसा सांगत नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं गठ्ठा ठेवून घेतला, एवढीच ती पावती. ‘डिलिव्हरी’ आणि ‘इनबॉक्समध्ये जागा’ या दोन गोष्टींतलं अंतर गिऱ्हाइकाला न सांगणं ही या धंद्यातली सगळ्यांत सभ्य दिसणारी लबाडी आहे. इनबॉक्सचा अंदाज घ्यायची रीत आहे: वेगवेगळ्या कंपन्यांकडे स्वतःची चाचणी खाती उघडून मेल कुठे पडतं ते पाहायचं. तोही अंदाजच. म्हणून शंभर टक्के इनबॉक्सची हमी देणारा माणूस दुसऱ्याच्या घराची किल्ली विकत असतो.

दुसरा आकडा ‘ओपन रेट’चा. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक टिंबाएवढं चित्र लपवलेलं असतं. ते चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं की मेल उघडलं असं धरतात. ही मोजणी कधीच फार भरवशाची नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आपल्या मेल अ‍ॅपमध्ये खासगीपणाची अशी सोय दिली की ही चित्रं वाचकानं मेल उघडो न उघडो, आधीच मागवून ठेवली जातात. त्यानंतर अनेकांचे ओपन रेट वाढले. वाचक तेवढेच होते. लिंकवरचे क्लिकही निर्मळ नाहीत, कारण कंपन्यांची सुरक्षा यंत्रं आलेली प्रत्येक लिंक आधी स्वतः दाबून पाहतात.

तिसरा आकडा अहवालात क्वचितच ठळक असतो, आणि तोच खरा: किती जणांनी ‘हे स्पॅम आहे’ असं बटण दाबलं. गूगल आणि याहूनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर करून फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक मेलवाल्यांना नवे नियम लावले. गूगलच्या नियमानुसार जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यानं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लावायचे, जाहिराती मेलमध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय द्यायची, ती मागणी दोन दिवसांत पाळायची, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायचं. म्हणजे हजारामागे तीन. गूगलचा सल्ला तर हजारामागे एकाच्याही खाली राहायचा. हजारात तीन माणसं चिडली की उरलेल्या ९९७ जणांपर्यंतची वाट अडू शकते. आमच्या अंकाचं नेमकं हेच झालं. मेल विक्रेत्याच्या सर्व्हरवरून गेले, पण नाव आमचं होतं आणि लिंकही आमच्याच होत्या. वैताग आमच्या नावावर जमा झाला.

डेटा कुठला?

“डेटा आमचा” हे वाक्य ऐकताच फोन ठेवायला हवा होता, हे आता कळतं. मेलची यादी विकत घेता येते, वाचकाची परवानगी विकत घेता येत नाही. परवानगी एकाला दिलेली असते. ती हस्तांतरित झाली की तिचा अर्थच जातो. तरी आपल्याकडे डॉक्टर, फ्लॅटधारक, दहावी-बारावीच्या मुलांचे पालक असे गठ्ठे खुशाल विकले जातात. एप्रिल २०२३ मध्ये सायबराबाद पोलिसांनी एकाला पकडलं, तेव्हा त्याच्याकडे ६६.९ कोटी व्यक्ती आणि संस्थांची माहिती असल्याचं पोलिसांनी सांगितलं.

मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांत असं होत नाही म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेतली एप्सिलॉन ही पत्ते आणि ग्राहक-माहितीच्या धंद्यातली बडी कंपनी. वृद्धांना बक्षिसाची खोटी पत्रं टपालानं पाठवून लुबाडणाऱ्या टोळ्यांना तिच्या काही कर्मचाऱ्यांनी ३ कोटींहून अधिक लोकांची माहिती विकली. भोळा माणूस ओळखायला तिचेच हिशेब कामी आले. जानेवारी २०२१ मध्ये तिनं १५ कोटी डॉलर देऊन अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड केली. कागदी टपाल असो की ईमेल, यादी ही दुधारी सुरी आहे. ती कोणाच्या हातात देतो याची जबाबदारी देणाऱ्यावर असते.

विकतच्या यादीला तांत्रिक शिक्षाही आहे. मेल कंपन्या आणि काळ्या याद्यांचे चालक काही पत्ते सापळे म्हणून पेरून ठेवतात. त्यांतले काही कोणीही कधी वापरलेले नसतात, काही वर्षानुवर्षं बंद पडून पुन्हा जिवंत केलेले असतात. अशा पत्त्यावर मेल आलं याचा अर्थ यादी चोरीची तरी आहे किंवा कुजलेली तरी. म्हणून चांगल्या सेवा दुहेरी संमतीचा आग्रह धरतात: नाव नोंदवलं की एक मेल जातं, त्यातली लिंक दाबली तरच नाव पक्कं. यादी लहान राहते, पण तिच्यातलं प्रत्येक नाव जिवंत असतं.

संमती विचारण्यातही एक फसगत आहे. ब्रिटनमधल्या फ्लायबी या विमान कंपनीनं २०१६ मध्ये ३३ लाख लोकांना ‘तुमचा तपशील बरोबर आहे का?’ असं मेल पाठवलं, आणि सोबत आवडीनिवडी नोंदवायचं आमंत्रण दिलं. अडचण एवढीच की या लोकांनी ‘आम्हांला जाहिराती नकोत’ असं आधीच कळवलेलं होतं. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयानं २०१७ मध्ये ७० हजार पौंडांचा दंड लावला. ‘नको’ म्हणणाऱ्याला ‘नक्की नको ना?’ असं पुन्हा विचारणं म्हणजे त्याचं ‘नको’ ऐकलंच नसल्यासारखं होतं.

बाजाराचे तीन थर

सेवांचे ढोबळ तीन थर दिसतात. पहिल्या थरात मेलचिंप, कॉन्स्टंट कॉन्टॅक्ट किंवा आपल्याकडची झोहो कॅम्पेन्स यांसारख्या तयार सेवा: नमुने, यादी, आकडेवारी, नाव काढायचं बटण, सगळं एका छपराखाली. त्या महाग वाटतात. मेलचिंप विकतच्या याद्या वापरू देत नाही आणि संशयास्पद यादी आपणहून हेरते. पहिल्यांदा हे जाचक वाटतं, पण पत जपणं ते हेच. या थराचा दोष वेगळा आहे: दर सहसा यादीच्या लांबीवर ठरतो, काही ठिकाणी ‘नको’ म्हणून निघून गेलेली नावंही त्यात मोजली जातात. यादी स्वच्छ करायचा उपदेश तर होतो, पण फुगलेल्या यादीतून कमाईही होते.

दुसऱ्या थरात अ‍ॅमेझॉन एसईएस, सेंडग्रिड अशी कच्ची यंत्रणा. मेल तुम्ही घडवा, वाहतूक आम्ही करतो. अ‍ॅमेझॉनचा मूळ दर हजार मेलना १० सेंट. म्हणजे दहा लाख मेल शंभर डॉलरमध्ये. स्वस्ताईचा मुद्दा इथेच संपतो, कारण खरी किंमत फाटकावर वसूल होते. नव्या गिऱ्हाइकाला तिथे आधी दिवसाला २०० मेलच्या कुंपणात ठेवतात, तेही पडताळलेल्या पत्त्यांवरच. पुढे परत येणाऱ्या मेलचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की चौकशी लागते, १० टक्क्यांवर गेलं की खातं थांबू शकतं. आमच्यासारखी दहा लाखांची ‘तयार’ यादी तिथे चढवली असती तर पहिल्या काही हजारांतच गाडी रुळावरून उतरली असती.

मग तिसऱ्या थरातला आमचा विक्रेता ती कशी पाठवतो? त्याच्याकडे मेल पाठवायचं ‘पॅनल’ असतं, बहुधा दुसऱ्याकडून भाड्यानं घेतलेलं. एक नाव काळवंडलं की दुसरं, एक डोमेन जळलं की नवं. थोडे थोडे मेल शेकडो पत्त्यांवरून पांगवून पाठवायचे म्हणजे कुठेच ठळक ठसा उमटत नाही. जाणकार याला ‘स्नोशू’ म्हणतात: बर्फात पाय रुतू नयेत म्हणून घालायचा रुंद बूट. इतकी मेहनत लपण्यासाठी घेणारा माणूस गिऱ्हाइकाच्या नावाची काळजी कशाला घेईल? त्याच्या दृष्टीनं तुमचं नाव हेसुद्धा एक जाळायचं डोमेनच असतं.

कायद्याची दोन टोकं

अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्याचा गाभा असा: आधी विचारायची गरज नाही, पण प्रेषकाचं नाव आणि विषय खोटा नको, टपालाचा खरा पत्ता हवा, आणि ‘नको’ म्हटल्यावर कामाच्या दहा दिवसांत थांबायचं. नावातला ‘कॅन’ शब्दशः घेऊन टीकाकारांनी त्याची थट्टा केली: स्पॅम करायला परवानगी देणारा कायदा. कॅनडानं १ जुलै २०१४ पासून उलट टोक धरलं: आधी संमती, मग मेल. युरोपची रीतही संमतीचीच, आणि २५ मे २०१८ पासून जीडीपीआर या माहिती-संरक्षण नियमावलीनं तिला धार आणली.

ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकरणात दर्जा आणि प्रामाणिकपणा एकाच ठिकाणी भेटतात. तिथल्या कॉमनवेल्थ बँकेला २०२३ मध्ये ३५ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. साडेसहा कोटींहून अधिक मेल नियम मोडणारे होते. बहुतेकांत नाव काढायची सोय होती, फक्त त्यासाठी आधी खात्यात लॉग-इन करावं लागे. दार आहे, पण कडी वर हात पुरणार नाही अशा ठिकाणी.

भारतात ईमेल-स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा नाही. जवळपास जाणारी ओळ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ मध्ये होती: त्रास देण्यासाठी किंवा प्रेषकाबद्दल दिशाभूल करण्यासाठी पाठवलेलं ईमेल हा गुन्हा. पण हे कलम गाजलं ते भलत्याच कारणानं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, देशभर संताप उसळला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात अख्खं कलम घटनाबाह्य ठरवलं. निकाल योग्यच होता. पण त्या झाडलोटीत ईमेलच्या प्रेषकाबद्दलची ओळही गेली आणि तिच्या जागी नेमकं दुसरं काही आलं नाही.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ही पोकळी बाजूनं भरतो. संमती मोकळी, नेमकी, समजून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली. ‘डेटा आमचा’ म्हणणाऱ्याला हा कायदा थेट विचारेल: तुमचा कसा?

एसएमएसचा भारतीय प्रयोग

ईमेलमध्ये जे आपण केलं नाही ते एसएमएसमध्ये जगात क्वचितच कोणी केलं असेल इतक्या जोरानं केलं. २००७ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं ‘कॉल करू नका’ नोंदवही आणली. सप्टेंबर २०११ पासून एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा लावली. साध्या माणसांचे संदेशही अडू लागले, मर्यादा २०० झाली, आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं व्यक्तिगत संदेशांवरचं हे बंधन रद्द केलं. चोराच्या मागे लागताना शेजाऱ्यालाच अडवून धरण्याचा हा नमुना.

२०१८ च्या नियमांनी मग मुळाला हात घातला. डीएलटी या ब्लॉकचेनवर आधारलेल्या व्यवस्थेत पाठवणाऱ्या संस्थेनं नोंदणी करायची, आपलं हेडर, म्हणजे संदेशावर दिसणारं प्रेषकाचं नाव, नोंदवायचं, संदेशाचा साचाही आधी मंजूर करून घ्यायचा. साच्याशी न जुळणारा संदेश वाटेतच गळतो. ८ मार्च २०२१ रोजी ही गाळणी खरोखर सुरू झाली आणि त्याच दिवशी बँकांचे ओटीपी अडकले, लसीच्या नोंदणीला फटका बसला. पाठवणाऱ्यांनी साचे नीट नोंदवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ट्रायला गाळणी आठवडाभर थांबवावी लागली.

तरी पाठवणाऱ्याचं नाव पक्कं असण्याचा फायदा काय, तो वीजबिलाच्या फसवणुकीत दिसला. २०२२ च्या सुमारास ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असे संदेश घरोघरी येऊ लागले. महावितरणनं लोकांना सांगितलं ते साधं होतं: आमचे संदेश व्हीएम-एमएसईडीसीएल अशा हेडरवरूनच येतात, कोणाच्या मोबाइल नंबरवरून येत नाहीत. पहिली दोन अक्षरं कंपनी आणि विभाग सांगतात, पुढची संस्था.

पण चोर थांबतो थोडाच? नोंदलेल्या साच्यातल्या बदलत्या जागांत भलत्या लिंक घुसू लागल्या. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये हेडर आणि साचे पुन्हा तपासायचे आदेश निघाले, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवलेल्या लिंकच चालतील असं ठरलं. नोंद नसलेल्या पाठवणाऱ्यांवरच्या ऑगस्ट २०२४ च्या आदेशानंतर महिनाभरात पावणेतीन लाखांहून अधिक जोडण्या तुटल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनं हेडरच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी हे अक्षर आलं: जाहिरात, सेवा, व्यवहार की सरकारी, ते एका नजरेत कळावं म्हणून. तक्रारीला तीनऐवजी सात दिवस मिळाले, आणि नोंद नसलेल्या पाठवणाऱ्यावर कारवाई पाच दिवसांत व्हायची आहे.

या सगळ्यात एक गाठ सुटत नाही. मोबाइल कंपनी पोस्टमनही आहे आणि पहारेकरीही, आणि घाऊक संदेशाचे पैसे तिलाच मिळतात. दुसरी गाठ अशी की कुंपण एसएमएसभोवती घट्ट झालं तसं पाणी व्हॉट्सअ‍ॅपकडे वळलं, जिथे डीएलटीची गाळणी नाही. सरकारही त्या वाटेनं जातं: मार्च २०२४ मध्ये आचारसंहिता लागल्यावरही ‘विकसित भारत’चे व्हॉट्सअ‍ॅप संदेश येत राहिले, तेव्हा ते ताबडतोब थांबवा असं निवडणूक आयोगाला केंद्रीय मंत्रालयाला सांगावं लागलं.

मराठीचा हिशेब

मराठी माणसाची एक खास फसगत इथेच नोंदवायला हवी. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात, देवनागरीत ७०. मजकूर लांबला की जोडसंदेशात प्रत्येक तुकड्याला ६७च उरतात. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘मुख्यमंत्री’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द यंत्राच्या लेखी ११ चिन्हांचा. १४० चिन्हांचा मराठी मजकूर दोन संदेशांत बसेल असं वाटतं. बिल तीनचं येतं. प्रामाणिक विक्रेता हे दरपत्रकातच सांगतो. बाकीचे ‘एक लाख एसएमएस’ विकतात आणि तेहतीस हजार लोकांपर्यंत पोचून मोकळे होतात. गावोगावच्या पतसंस्था ‘Aapla hapta’ अशा रोमन लिपीतल्या मराठीत संदेश का पाठवतात, त्याचं एक कारण या हिशेबात आहे.

मग पारखायचं कसं?

सेवा घ्यायच्या आधी मी आता काही साधे प्रश्न विचारतो. माझी यादी कुठून आली हे तुम्ही विचारणार का? तुमच्याकडे ‘डेटा’ मिळतो का? (मिळतो म्हणाले की तिथेच नमस्कार.) ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव कोण काढतं आणि किती वेळात? तक्रारींचा आकडा मला दाखवाल का? माझं मेल ज्या सर्व्हरवरून जाईल त्यावर शेजारी कोण आहेत? आणि शेवटचा: एखाद्या गिऱ्हाइकाला तुम्ही कधी बंद केलंय का? या प्रश्नावर जो चाचरतो त्याच्या शेजारात आपलं नाव ठेवू नये.

आमच्या अंकानं पुढे पांढरं निशाण फडकवलं. नवं पॅनल नाही, नवा डेटा नाही. हजार जुन्या नावांना, ज्यांनी वर्गणीच्या पावतीवर स्वतःच्या हातानं पत्ता लिहून दिला होता त्यांना, आमच्याच नावानं एक साधं मेल: पुढेही पाठवत राहू का? नको असेल तर खालची ओळ दाबा, कारण विचारणार नाही. थोडे थोडे करून, रोज पन्नास. निम्म्यांहून जास्त नावं गळाली: काही पत्ते मेलेले, काही माणसं.

नाव काढायची ओळ न दाबता एका निवृत्त शिक्षकांनी उत्तरच लिहिलं. आता पडद्यावरचं वाचवत नाही, तेव्हा माझं नाव काढा. अंक मात्र सुनेच्या नावानं चालू ठेवा, तिचा पत्ता असा. ते नाव मी काढलं आणि सुनेला आधी विचारून मग तिचं घातलं. दहा लाखांच्या त्या अहवालात या उत्तरासाठी रकाना नव्हता. प्रेषकाच्या जागी दिलेला पत्ता असा होता की त्यावर उलट लिहिलेलं कोणी वाचतच नव्हतं.